शुक्रवारची यादी

सत्तरच्या दशकात इंग्लंडमधल्या बहुतेक फुटबॉल क्लबांत शनिवारच्या सामन्याची यादी शुक्रवारी लागायची. सराव आटोपला की फळ्यावर टाचणीने एक कागद. अकरा नावं आणि खाली बारावं, कारण लीगच्या म्हणजे साखळी स्पर्धेच्या सामन्यात तेव्हा एकच बदली खेळाडू चालायचा. पगारावर मात्र त्याहून कितीतरी जास्त माणसं असत. ज्यांचं नाव कागदावर नाही त्यांनी दुसऱ्या दिवशी राखीव संघातून खेळायचं, नाहीतर कोट-टाय घालून स्टँडमध्ये बसायचं आणि भेटेल त्याला पाय बरा आहे म्हणून सांगायचं. क्लबच्या आत शिरून लिहिलेलं पुस्तक हातात आलं की आधी एवढंच बघावं : लेखक त्या फळ्यापाशी किती वेळ उभा राहिलाय? कागदावरच्या अकरांबद्दल रविवारची वर्तमानपत्रं लिहितातच.

या कसोटीला पन्नास वर्षांनंतरही उतरणारं पुस्तक म्हणजे ब्रिटिश पत्रकार हंटर डेव्हिसचं ‘द ग्लोरी गेम’. डेव्हिस 1971-72 चा अख्खा हंगाम लंडनच्या टॉटनहॅम हॉट्स्पर क्लबबरोबर राहिला. सरावाचं मैदान, बस, विमान, हॉटेल आणि मुख्य म्हणजे ड्रेसिंग रूम. पुस्तक 1972 मध्येच आलं. त्याआधी 1968 साली बीटल्स या बँडचं अधिकृत चरित्र त्याने लिहिलं होतं, त्यामुळे चार प्रसिद्ध तरुण एका खोलीत कंटाळलेले कसे दिसतात हे त्याला ठाऊक होतं. इथे फक्त खोली मोठी होती आणि तरुण जास्त.

मॅनेजर बिल निकल्सन. 1960-61 मध्ये लीग आणि एफए कप ही बाद फेरीची स्पर्धा एकाच हंगामात जिंकून देणारा माणूस. त्या शतकात ते आधी कुणालाच जमलं नव्हतं. असा माणूस दहा वर्षांनी त्याच क्लबमध्ये बसलेला असतो, तेव्हा समोरच्या प्रत्येक खेळाडूचं माप जुन्या संघाच्या फुटपट्टीने घेतलं जातं. जिंकल्यावरही निकल्सनच्या तोंडून कौतुक मोठ्या मुश्किलीने निघायचं. पोरं वैतागायची. त्यांचं वैतागणं डेव्हिस टिपतो आणि निकल्सनलाही खलनायक करत नाही, हे लिहायला फार अवघड आहे.

रॅल्फ कोट्स त्याच वर्षी बर्नलीहून 1,90,000 पौंडांना आला होता. तेव्हाच्या मानाने प्रचंड रक्कम, आणि ती प्रत्येक चुकलेल्या पासला चिकटलेली. बर्नलीत सगळा खेळ त्याच्याभोवती फिरायचा; इथे तो अनेकांपैकी एक. किंमत वाढली आणि कामगिरी उतरली, हे वाक्य कुठलाही वार्ताहर लिहील. त्या उतरणीत माणूस सरावाला कसा येतो, जेवायला कुणाशेजारी बसतो, हे बघायला मात्र रोज तिथे असावं लागतं. विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळणाऱ्या रॉजर मॉर्गनचा गुडघा तर सामन्यांच्या वृत्तांतात कुठे येणारच नाही. दुखापत झालेला खेळाडू क्लबमध्ये येतो, सगळ्यांना नमस्कार करतो, उपचारांच्या टेबलावर झोपतो आणि बाकीचे बाहेर पळायला गेले की एकटा उरतो. मॉर्गनने पुढे विशीतच खेळ सोडला.

आणि कर्णधार ॲलन मलरी. ओटीपोटाच्या दुखापतीने तो संघाबाहेर गेला, बरा झाला तरी आत घेईनात, शेवटी महिनाभरासाठी एक पायरी खालच्या, दुसऱ्या डिव्हिजनमधल्या फुलहॅमला उसना दिला. एवढ्यात टॉटनहॅमचेच लोक जखमी झाले आणि त्याला परत बोलावणं आलं. इटलीच्या एसी मिलानविरुद्ध त्यांच्या सान सिरो मैदानावर त्याने गोल केला. वुल्व्हरहॅम्प्टनविरुद्धच्या यूएफा कप या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम फेरीचा दुसरा सामना 17 मे 1972 ला झाला, त्यात टॉटनहॅमचा एकमेव गोल त्याचाच, डोक्याने. दोन्ही सामने मिळून 3-2 ने कप मिळाला. त्याच उन्हाळ्यात तो फुलहॅमला कायमचा गेला. कादंबरीत हे कुणी लिहिलं असतं तर संपादकाने ‘जरा जास्तच होतंय’ म्हणून काटलं असतं.

पुस्तकाच्या शेवटची परिशिष्टंही सोडू नयेत. डेव्हिसने खेळाडूंना घरदार, राहणीमान, राजकारण, पुढे काय करणार असे प्रश्न विचारून उत्तरं मांडून ठेवली आहेत. सामन्यांची वर्णनं शिळी होतात, ही उत्तरं होत नाहीत. कामगारवस्तीतून आलेल्या पोराच्या हातात पंचविशीत पैसा आला की तो कुठे घर घेतो, कुणाला मत देतो, हे समाजशास्त्राच्या ग्रंथापेक्षा इथे लवकर कळतं. जुनी प्रत घ्यावी की नवी, असा प्रश्न पडला तर परिशिष्टं आहेत का बघावं आणि मिळेल ती घ्यावी.

हंगाम हा लेखकाच्या दृष्टीने सोयीचा साचा. ऑगस्टमध्ये सुरुवात, मेमध्ये शेवट, मधे तेव्हाचे लीगचे 42 सामने, शिवाय कप. कथानक आयतं. मेख अशी की क्लब जुलैत निवडायचा असतो आणि शेवट काय होणार ते कुणालाच ठाऊक नसतं. एमन डन्फीने 1973 च्या उन्हाळ्यात दुसऱ्या डिव्हिजनमधल्या मिलवॉल क्लबमध्ये डायरी लिहायला घेतली. तो स्वतः तिथला मिडफिल्डर, आयर्लंडकडून खेळलेला, आणि यंदा पहिल्या डिव्हिजनमध्ये चढायचंच या उमेदीत. काही आठवड्यांत संघ घसरला, मग त्याचं नाव यादीतून गेलं, आणि वर्ष संपायच्या आत तो क्लबमधूनच गेला. ‘ओन्ली अ गेम?’ हे पुस्तक (1976) तिथेच थांबतं, हंगामाच्या मध्यावर. प्रकाशकाला हवा असलेला मे महिना त्यात नाहीच.

तरी ते या जातीतलं सगळ्यात खरं पुस्तक आहे. बाहेरून आलेला पाहुणा लेखक कितीही मुरला तरी त्याची नोकरी शुक्रवारच्या कागदावर टांगलेली नसते. डन्फीची होती. बाकावर बसलेल्या माणसाला आपला संघ हरावासा वाटतो, कारण जिंकला तर पुढच्या शुक्रवारी तीच यादी पुन्हा लागणार, हे तो लिहून टाकतो. कुठल्याही खेळाडूला हे ठाऊक असतं आणि निवृत्तीनंतरच्या आत्मचरित्रात कुणी ते सांगत नाही. वीस वर्षांनी आठवून लिहिलं की मत्सराचं ‘निकोप स्पर्धा’ होतं. डायरीत तारीख असते, आणि त्या तारखेला राग ताजा असतो. म्हणून कुठलंही आतलं पुस्तक घेताना ते त्या वर्षी टिपलेलं आहे की नंतर आठवलेलं, हे आधी तपासावं.

दार उघडणारा काहीतरी मागतोच. मार्ती पेरारनाऊ हा स्पॅनिश लेखक, 1980 च्या मॉस्को ऑलिम्पिकमधला उंच उडीपटू. 2013-14 मध्ये प्रशिक्षक पेप ग्वार्डिओलाने त्याला जर्मनीतल्या बायर्न म्युनिक क्लबचं दार उघडलं, अट एवढीच की हंगाम संपेपर्यंत आत बघितलेलं बाहेर जाणार नाही. अट रास्त होती आणि लेखकाच्या फायद्याचीही. उद्या छापून येणार असेल तर प्रशिक्षक आज बोलणार नाही. बायर्नने त्या वर्षी बुंडेसलिगा ही जर्मन लीग 25 मार्चलाच खिशात घातली, सात सामने बाकी असताना. पण वाचावा तो भाग एप्रिलच्या अखेरचा आहे. चॅम्पियन्स लीग या युरोपीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत रेयाल माद्रिदविरुद्ध दोन सामने, त्यातला पहिला 0-1 गेलेला. दुसऱ्यासाठी ग्वार्डिओला एक रचना ठरवतो, विमानातून उतरेपर्यंत बदलतो, खेळाडूंचा उत्साह बघून पुन्हा बदलतो आणि चार जणांना पुढे ठेवून उतरतो. मधला भाग रिकामा. 29 एप्रिलला घरच्या मैदानावर 0-4. चूक माझी, हे तो तिथल्या तिथे कबूल करतो. मात्र लेखक त्याच्या प्रेमात आहे, हे पानोपानी जाणवतं. मैदानावरच्या डावपेचांसाठी हे पुस्तक उत्तम, पण यादीत नसलेल्यांची खबर घ्यायला इथे येऊ नये.

सगळ्यात मजेशीर पाहुणा म्हणजे जो मॅकगिनिस. अमेरिकन, राजकारण आणि गुन्ह्यांवर लिहिणारा, फुटबॉलचं वेड उशिरा लागलेलं. 1996-97 मध्ये तो इटलीतल्या अब्रुत्सो भागातल्या कास्तेल दी सांग्रो या गावी जाऊन राहिला. लोकसंख्या पाचेक हजार, आणि गावाचा संघ चक्क सेरी बीमध्ये, म्हणजे देशातल्या दुसऱ्या पायरीच्या लीगमध्ये. सुरुवातीला त्याला इटालियनही येत नव्हतं. काही महिन्यांत हा गृहस्थ प्रशिक्षकाला संघ कसा निवडावा हे सांगू लागला. पाहुण्याने स्वयंपाकघरात जाऊन आमटी चाखावी आणि मीठ कमी म्हणून यजमानीणबाईंना सुनवावं, तसला प्रकार. वाचताना चीड येते, पण पुस्तक त्यामुळेच जिवंत आहे. डिसेंबरमध्ये संघातले दोन तरुण खेळाडू मोटार अपघातात गेले, आणि ती पानं लिहिताना मात्र तो बाजूला होतो. संघ खालच्या पायरीवर घसरायचा वाचला. शेवटचा सामना बारीमध्ये होता. बारीला वर चढायला विजय हवा होता, कास्तेलला काहीच नको होतं. सामना 3-1 ने बारीने जिंकला. हा निकाल आधीच ठरला होता आणि आपण ते खेळाडूंच्या तोंडून ऐकलं, असं मॅकगिनिस लिहितो. ज्यांच्याबरोबर वर्षभर जेवला त्यांच्याशी त्याचं तिथेच बिनसलं. गावाचं गोड पुस्तक लिहायला आलेला माणूस कडू शेवट घेऊन परतला, आणि तो त्याने दडवला नाही.

दडवलं नाही की किंमत पडते. जर्मनीचा गोलरक्षक टोनी शूमाखरने 1987 मध्ये आपल्या पुस्तकात उत्तेजकांबद्दल लिहिलं. राष्ट्रीय संघातली जागा गेली आणि कलोन क्लबही. डच बचावपटू याप स्टामने 2001 मध्ये लिहिलं, की मँचेस्टर युनायटेडचा मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन याने आधीच्या क्लबला न विचारता आपल्याशी बोलणी केली होती. थोड्याच दिवसांत स्टाम इटलीतल्या लाझिओला विकला गेला. पुस्तकाचा आणि विक्रीचा संबंध नाही, असं फर्ग्युसनचं म्हणणं. युनायटेडचाच कर्णधार रॉय कीन याच्या 2002 च्या आत्मचरित्रातल्या एका जुन्या टॅकलच्या, म्हणजे चेंडू हिसकावताना घातलेल्या पायाच्या, मजकुरावरून त्याला पाच सामन्यांची बंदी आणि दीड लाख पौंड दंड झाला. कीनच्या नावाने ते पुस्तक प्रत्यक्ष लिहिणारा कोण, तर आपला मिलवॉलवाला डन्फी.

बहुतेक वेळा घोटाळा पुस्तकात नसतो, तो वर्तमानपत्राने विकत घेतलेल्या उताऱ्यांत असतो. तीनशे पानांतून सर्वांत धारदार चार परिच्छेद कापून पहिल्या पानावर लावले की मागचा-पुढचा संदर्भ गळतो. क्लबांनी हे ओळखलं आणि आता हस्तलिखित आधी प्रसिद्धी विभागाच्या टेबलावरून जातं. असं धुतलेलं पुस्तक ओळखणं सोपं आहे. त्यात पगाराचा आकडा नसतो, दुखापत एका वाक्यात बरी होते, कुणी कुणाचा द्वेष करत नाही आणि ड्रेसिंग रूममधलं प्रत्येक भाषण मुद्रितशोधन करून आल्यासारखं असतं. जानेवारीनंतरची प्रकरणं अचानक तोकडी झाली असतील तर लेखकाला परवानगी असूनही दार बंद झालं होतं, असं समजायला हरकत नाही.

असं पुस्तक आपल्याकडे लिहायचं तर माल कोल्हापुरात पडलाय. संघांची नावं तालमींची : पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ म्हटलं की दुकानातली चर्चा दुसऱ्या विषयावर जात नाही. परदेशी खेळाडूही इथे येऊन खेळून गेलेत. ते कुठे राहतात, काय जेवतात, ठरलेले पैसे वेळेवर मिळतात का, एवढं टिपलं तरी पहिली शंभर पानं होतील. लिहिणाऱ्याने वही रोज रात्री भरावी, सराव एकही चुकवू नये, बाकावरच्या पोरांशी आधी बोलावं आणि हस्तलिखित कुठल्याच तालमीच्या अध्यक्षांना दाखवू नये. पुस्तक बाजारात आल्यावर पुढचा हंगाम पुण्यात काढावा.