पर्जन्यनोंद: 17 ऑक्टोबरची रात्र

सहकारनगर, पुणे. 18 ऑक्टोबर 2022, मंगळवार, सकाळी साडेआठ.
हाताचं मापक 97 मिमी. स्वयंचलित मापक 83 मिमी.

मंडळी, आधी हा 14 मिलिमीटरचा फरक समोर ठेवते, कारण सगळी नोंद त्याच्याच भोवती फिरणार आहे.

सोमवारी दिवसभर अंगाची काहिली होत होती. जून-जुलैत आमच्याकडे ढग सिंहगडाच्या बाजूने येतात. ऑक्टोबरात उलटं असतं, नजर दिवे घाटाकडे ठेवावी लागते. दुपारी तीनला तिकडे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग वर चढायला लागले. साडेपाचला त्यातल्या एकाचा माथा ऐरणीसारखा चपटा पसरला, तेव्हाच वहीत लिहून ठेवलं, ‘आज गडगडाट नक्की’. चित्रा नक्षत्र, परतीचा पाऊस, तापलेली जमीन आणि हवेत भरपूर ओल. वादळी ढगाला आणखी काय लागतं?

आधी इशारा दिला तो वायुभारमापकाने. एरवीही रात्री दहाच्या सुमारास आपल्याकडे हवेचा दाब थोडा वर असतो, पण तो हळूहळू चढतो. काल बारा मिनिटांत दोन हेक्टापास्कलने उसळला, 946 वरून थेट 948. त्याच वेळी तापमान 25.8 वरून 20.9 वर आलं. ढगातून कोसळलेली थंड, जड हवा जमिनीवर पसरत आमच्यापर्यंत पोचली होती. खिडकीचं दार आपटलं, मातीचा वास आला आणि पाचेक मिनिटांत पावसाने झोडपायला सुरुवात केली. वीज आणि आवाज यांतलं अंतर आधी सहा सेकंद होतं, म्हणजे साधारण दोन किलोमीटर. मग तीन. मग मोजायला वेळच मिळेना. सव्वादहाला लाइट गेली.

खरी घालमेल पुढे होती. माझ्या हाताच्या मापकात 100 मिमीच मावतात. ते भरून वाहिलं तर आकडा कायमचा गेला. पण वीज डोक्यावर असताना गच्चीवर पाऊल टाकायचं नाही हा माझा नियम आहे, आणि तुम्हा सगळ्यांना हात जोडून सांगते, तो कुणीही मोडू नका. शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण अर्धा तास थांबले. बारा चाळीसला बॅटरी घेऊन वर गेले. नळीत पाणी 88 वर उभं होतं. डोळे पाण्याच्या पातळीशी आणून दोनदा वाचलं, वहीत लिहिलं, मापक रिकामं करून परत जागेवर लावलं. सकाळपर्यंत आणखी 9 पडला.

गल्लीतला मोठा गुलमोहर साडेदहाच्या सुमारास गेला. आवाज ऐकला तेव्हा वाटलं, वीजच पडली. सकाळी पाहिलं तर तो मुळांसकट उलथून दोन स्कूटरींवर आडवा होता. मुळांचा गड्डा माझ्या कमरेएवढासुद्धा जाड नव्हता. बुंध्याला टेकून सिमेंटचे ब्लॉक बसवलेले, आणि रस्त्याकडची मुळं कधीतरी चर खणताना सरळ रेषेत तोडलेली. तोडलेली टोकं काळी पडून भुसभुशीत झाली होती. बोटाने दाबलं तर चुरा हातात आला. एवढ्या मोठ्या झाडाला एका बाजूने आधारच उरला नव्हता, आणि वारा नेमका त्याच बाजूने आला. फार वाईट वाटलं. मे महिन्यात माझ्या मापकाभोवती लाल पाकळ्यांचा सडा असायचा, तो याच झाडाचा.

पार्किंगमध्ये स्कूटरच्या सायलेन्सरपर्यंत पाणी होतं, मागच्या कंपाउंडची दहा-बारा फूट भिंत पडली. हिशेब करून पाहा: 1 मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर 1 लिटर. आमची गच्ची साधारण 400 चौरस मीटर. एका रात्रीत त्या एका गच्चीवरून जवळजवळ 39 हजार लिटर पाणी खाली आलं, आणि गल्लीतल्या गटाराची जाळी पालापाचोळ्याने बंद. भिंत त्या पाण्याच्या रेट्याने पडली.

रात्री एकच्या पुढे आंबिल ओढ्याच्या बाजूची माणसं घराबाहेर येऊन पाण्यावर नजर ठेवून उभी होती. 25 सप्टेंबर 2019 ची रात्र इथे कुणीच विसरलेलं नाही. त्या पुरात वीसहून अधिक माणसं गेली. आपल्या डोक्यावर नेमका किती पाऊस पडला हे त्या रात्री मला सांगता आलं नव्हतं. माझं पहिलं मापक मी त्यानंतरच्या दिवाळीत आणलं.

आता आकड्यांकडे. शिवाजीनगरच्या वेधशाळेत 105 मिमीच्या आसपास पाऊस झाला. हवामान खात्याच्या वर्गवारीत 64.5 ते 115.5 म्हणजे ‘जोरदार’, त्यापुढे ‘अतिजोरदार’. म्हणजे कागदावर ही रात्र नुसती जोरदार. पण ती वर्गवारी चोवीस तासांची आहे, आणि हा पाऊस बहुतेक सगळा अडीच-तीन तासांत कोसळला. सकाळपासून सगळे ‘ढगफुटी’ म्हणताहेत, तीही नव्हती. त्यासाठी तासाला 100 मिमी लागतात आणि माझ्याकडचा सर्वांत जोराचा तास 58 चा आहे. भिंती पाडतो तो पावसाचा वेग, दिवसाची बेरीज नव्हे. वेग फक्त स्वयंचलित मापक सांगतं, आणि नेमकं तेच मुसळधार पावसात कमी मोजतं.

20 ऑक्टोबर. स्वयंचलित मापक उघडून तपासलं. नरसाळ्याच्या भोकावर गुलमोहराची बारीक पानं चिकटून बसली होती, म्हणजे काही पाणी काठावरून बाहेर गेलंच असणार. भोक साफ करून चाचणी घेतली. माझ्या नरसाळ्याचं तोंड 200 चौरस सेंटिमीटरचं, म्हणजे 500 मिली पाणी ओतलं की 25 मिमी यायला हवेत. बाटलीला सुईने भोक पाडून थेंब थेंब सोडलं तर 24.6 आले. मोठं भोक पाडून धार लावली तर 22.4. या मापकात एक छोटी पळी असते, ती भरली की कलंडते आणि तिचं प्रत्येक कलंडणं मोजलं जातं. ती कलंडत असते त्या क्षणी पडणारं पाणी मोजलंच जात नाही, आणि धार मोठी असली की पळी सारखी कलंडतच राहते. त्यामुळे यापुढे एकूण पाऊस हाताच्या मापकाचा धरणार, वेळ आणि चढउतार स्वयंचलितचे, आणि दोघांच्या गुणोत्तराने वेग दुरुस्त करणार. त्या हिशेबाने 58 चा तास 68 च्या आसपास जातो. तोही कमीच धरलेला असेल, कारण सगळ्यात जास्त तूट सगळ्यात जोराच्या मिनिटांत असते.

तरी 97 वर माझाच पूर्ण विश्वास बसत नव्हता. संध्याकाळी समोरच्या काकूंनी गच्चीच्या कठड्यावरून हाक मारली. फराळासाठी घासलेले स्टीलचे डबे त्यांनी सोमवारी गच्चीत वाळत ठेवले होते. त्यांतला चकलीचा उभा डबा सुलटा राहिला होता. “अगं, पाणी ओतलं नाही हं. म्हटलं तुला मोजायचं असेल. झाकण लावून ठेवलंय मंगळवार सकाळपासून.”

सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा डबा. मुलाची फूटपट्टी आत उभी धरली. साडेनऊ सेंटिमीटर, वर एक बारीक रेघ.