वायररोप ताणलेला असताना

उद्यमबागेतल्या माझ्या शेडमध्ये लेथच्या वर खिळ्याला वायररोपचा, म्हणजे पोलादी तारांच्या दोराचा, वीतभर तुकडा अडकवलाय. एका टोकाला तारा केरसुणीसारख्या पिंजारलेल्या. नवीन मुलगा कामाला लागला की विचारतोच, "दादा, हे कशाला ठेवलंय?" त्याला जे सांगतो तेच आज लिहितोय. पाऊस धरलाय आणि बेळगाव-खानापूरची बरीच पोरं नव्या थार घेऊन जांबोटीच्या बाजूला ऑफ-रोडिंगला, म्हणजे चिखलादगडात गाडी घालायला, निघालीत.

माझी गाडी १९९८ची जिप्सी किंग. १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन, पुढे-मागे पाटे, वजन जेमतेम टनभर. चारही चाकांना ताकद द्यायची तर पुढच्या चाकांचे हब लॉक करायला खाली उतरावं लागतं. लोकांना वाटतं हा वेगाचा नाद. फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांच्या सगळ्यात हळू गिअरमध्ये, टाकलेली गाडी माणसाच्या चालीनं चालते हो. जांभ्याच्या पायरीवर चाक चढवताना अ‍ॅक्सिलरेटर केसभर जास्त झाला तर चाक फिरतं, कमी झाला तर इंजिन बंद पडतं. तिरक्या जागी एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा गिअर) सगळी ताकद त्या रिकाम्या चाकाला देतं आणि जमिनीवरचं चाक मुकाट उभं राहतं. मग उतरायचं, दगड लावायचा, पुन्हा बसायचं. दोनशे मीटरला कधीकधी तास जातो. आठवडाभर मायक्रॉन मोजत असतो मी, पण टायरनं दगड धरला हे स्टिअरिंगमधून तळहाताला कळतं, त्या क्षणाचं सुख वेगळंच.

कणकुंबीकडे, जिथं मलप्रभा उगम पावते त्या भागात, जुलैत लाल मातीचा वरचा थर लोण्यासारखा होतो. टायरच्या खाचा भरल्या की भारीतला भारी टायरही गुळगुळीत. म्हणून टायरमधली हवा अठ्ठावीस पीएसआयवरून सोळावर आणतो, टायर पसरतो आणि पकड वाढते.

दोन वर्षांपूर्वी त्याच बाजूला मामांच्या काजूच्या रानात आम्ही चार गाड्या नेल्या होत्या. ओहोळाच्या काठाला माझी जिप्सी एक्सलपर्यंत रुतली. मी विंचचा, म्हणजे बंपरवरच्या दोर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या मशीनचा, वायररोप ओढत नेला, ऐनाच्या झाडाला वेढा दिला आणि हुक त्याच रोपला अडकवला. झाडाला बांधायचा पट्टा गाडीत मागं होता, पाऊस मुसळधार होता, मी काढला नाही. रोपला एका जागी पीळ बसलेला होता, तोही मी पाहिला होता. शेडमध्ये क्रेनच्या स्लिंगला असा पीळ दिसला तर ती त्याच दिवशी भंगारात जाते.

मामा बाजूला उभे होते. माझा मावसभाऊ ओरडला, "मामा, घोंगडं द्या की जरा!" आणि ते भिजलेलं घोंगडं त्यानं रोपच्या मधोमध टाकलं. मी आतून चिडलो, म्हटलं सोड रे, अंधार पडतोय. विंचचं बटण दाबलं. रोप वाजायला लागला, वीणेची तार पिळत न्यावी तसा सूर वर चढत गेला. मग फटकन आवाज. तुटलेलं टोक घोंगड्याच्या वजनानं खाली ओढलं गेलं, बंपरला आदळलं आणि डाव्या हेडलाइटची रिंग कापून गेलं. घोंगडं उभं फाटलं होतं. मामा तिथून चार पावलांवर. ते काही बोलले नाहीत, नुसते खाली बसले. माझा हात बटणावरून निघेना.

हिशेब साधा आहे. विंच साडेनऊ हजार पौंडांचं, म्हणजे सुमारे ४,३०० किलो ओढतं, तेही ड्रमवर दोराचा पहिलाच थर असताना. रुतलेल्या गाडीला चिखल खालून धरून ठेवतो, त्यामुळे टनभराच्या गाडीलाही कित्येक पट ओढ लागू शकते. पोलादी रोपमध्ये साठलेली ती ओढ तुटताना कुठंतरी जाणारच. म्हणून आता सिंथेटिक दोर घेतलाय. स्नॅच ब्लॉक, म्हणजे दोर वळवायची कप्पी, लावला की ओढ दुप्पट होते, वेग निम्मा होतो. झाडाला पट्टा, त्यात शॅकल (जोडायची पोलादी कडी). दोर ताणलेला असताना ड्रायव्हर आणि बटणवाला सोडून बाकी सगळे दोराच्या लांबीच्या दीडपट लांब. टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, कधीच दोर अडकवू नका, तो तुटून गोळीसारखा येतो.

चोर्ला घाटापलीकडे गोव्यात २०१४पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड स्पर्धा भरते. मूळ मलेशियातली, १९९७ची. तिथं प्रत्येक ड्रायव्हरच्या जोडीला को-ड्रायव्हर असतो आणि विंचचं सगळं काम त्याच्याकडे. ते बघून आलेली पोरं टायर आधी घेतात, जोडीदार शोधत नाहीत.

खर्चाचं विचाराल तर टायर, विंच, क्लचप्लेट आणि दर पावसाळ्यानंतर व्हील बेअरिंगचं ग्रीस, यात दोन वर्षांत माझी लाखाच्या वर रक्कम गेली. पाण्यात शिरून इंजिननं पाणी ओढलं तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा धरत नाहीत, त्याला इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. शर्यतीतलं तर पॉलिसी वगळतेच. खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११पासून अभयारण्य आहे, तिथं परवानगीशिवाय गाडी घालायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

एक खर्च मात्र मी धरलाच नव्हता. आमच्या चार गाड्यांनी मामांच्या गाडीवाटेत गुडघाभर चाकोऱ्या पाडल्या होत्या आणि आठवड्यानं त्या वाटेनं खताचा ट्रॅक्टर यायचा होता. मामींचा फोन आला, रागावून नाही, नुसतं विचारायला, की वाट कधी सुकेल. दुसऱ्या रविवारी आम्ही चौघं पाट्या-खोरी घेऊन गेलो. अडीच ट्रॉली जांभा लागला. मामा काठावर बसून कुठं दगड कमी पडलाय ते दाखवत होते. खांद्यावर तेच घोंगडं, मधून शिवलेलं.