मार्कडाउनमध्ये टॅग टाकला की बोल्ड का होत नाही? (तुम्ही विचारलंत म्हणून)

ऑफिसात नवीन आलेलं प्रत्येक पोरगं हे विचारतंच, की दादा, मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरात खुणा टाकून वेबपान लिहायची पद्धत) एचटीएमएलचा, म्हणजे वेबपानाच्या भाषेतला, डिव्ह टॅग टाकून आत बोल्डसाठी शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन स्टार दिले तर स्टार तसेच का दिसतात, बोल्ड का होत नाही?

मीही आपटलोय बरं का. पिंपळगावच्या एका बागायतदारासाठी फवारणीच्या शेड्यूलचं पान करत होतो, त्यात द्राक्षाची 'गोडी छाटणी' हा एक सेल डाउनी आणि भुरी या दोन रोगांच्या ओळींवर पसरवायचा होता, ते मार्कडाउनच्या टेबलाला जमत नाही म्हणून सरळ एचटीएमएलचं टेबल चिकटवलं. वाचायला बरं म्हणून मध्येमध्ये रिकाम्या ओळी सोडल्या, आतले टॅग चार-चार स्पेस आत ढकलले. पान उघडलं तर अर्धं टेबल, आणि खाली करड्या चौकटीत टीआर, टीडी या टेबलाच्या टॅगांची रांगोळी!

कारण पार्सर (मार्कडाउन वाचून समजून घेणारा प्रोग्राम) उघडलेला टॅग बंद झाला का ते बघतच नाही. कॉमनमार्क या मार्कडाउनच्या प्रमाणित नियमावलीत डिव्ह, टेबल असल्या टॅगने ओळ सुरू झाली की एचटीएमएल ब्लॉक सुरू (त्यातला मजकूर जसाच्या तसा जातो, म्हणून स्टार तसेच दिसतात), आणि रिकामी ओळ आली की संपला, क्लोजिंग टॅग येवो न येवो. पुढची ओळ परत मार्कडाउन, आणि चार स्पेस म्हणजे कोड. म्हणून बोल्ड हवं असेल तर डिव्हनंतर रिकामी ओळ सोडा, टेबल अख्खं ठेवायचं असेल तर एकही सोडू नका. स्क्रिप्ट, स्टाइल, प्रे या टॅगांचे ब्लॉक मात्र क्लोजिंग टॅगपर्यंत चालतात. (मार्कडाउन बनवणाऱ्या जॉन ग्रुबरच्या २००४च्या मूळ आवृत्तीत डिव्ह, टेबलसारख्या ब्लॉक टॅगच्या आत मार्कडाउनच्या खुणा चालायच्याच नाहीत, त्यामुळे जुनी उत्तरं वाचून गोंधळ होतो.) स्पॅनसारखा इनलाइन (ओळीतल्या मजकुरातच बसणारा) टॅग ओळीवर एकटाच नसेल तर त्याच्या आत स्टार बिनधास्त चालतात.

आणि लोकांनी टाइप केलेला मजकूर घेत असाल तर टॅग आधी गाळू नका, आधी रेंडर करा (मार्कडाउनचं एचटीएमएल बनवा), मग तयार एचटीएमएल सॅनिटाइझ करा, म्हणजे त्यातला धोकादायक कोड काढून टाका. मी पूर्वी उलटं करायचो, रेजेक्सने (मजकुरातले नमुने शोधायची पद्धत) सगळे टॅग उडवले की खूश, पण लिंकच्या पत्त्यात जावास्क्रिप्ट लिहायला टॅग लागतच नाही ना, मार्कडाउनचे कंस पुरतात.

त्या शेड्यूलच्या फाइलमध्ये टेबलाच्या वर मी एचटीएमएल कमेंट टाकून ठेवलीय, 'खाली रिकामी ओळ सोडू नये'. परवा एकाने ती वाचली आणि कमेंटच्याच खाली एक रिकामी ओळ होती ती काढून टाकली.