मानशीचं दार

गोव्यात येऊन बारा वर्षं झाली, तरी संध्याकाळी फिरायला मी समुद्रावर जात नाही. समुद्र पाहुण्यांसाठी असतो. आमच्या तिसवाडीतल्या गावाला मांडवीची एक खाडी वळसा घालून जाते आणि तिच्या कडेकडेनं खाजनाचा, म्हणजे खाडीचं पाणी अडवून मिळवलेल्या सखल शेतजमिनीचा, बांध आहे. उजव्या हाताला तिवरं आणि खारं पाणी, डाव्या हाताला भात, मधल्या अरुंद वाटेवर मी. भरतीच्या वेळी पहिल्यांदा या बांधावर आलो तेव्हा दचकलोच होतो. उजवीकडचं पाणी डावीकडच्या शेतापेक्षा चांगलं वर होतं! नगर जिल्ह्यात वाढलेला माणूस मी. पाणी नसण्याची भीती मला जन्मापासून ठाऊक होती. ते जास्त असण्याची भीती मी इथे येऊन शिकलो.

बांधाच्या मध्यावर मानस आहे. दगडी चौकट आणि तिच्यात लाकडी दारं. ही दारं खाडीच्या बाजूला उघडतात. भरती चढू लागली की बाहेरचं पाणीच त्यांना ढकलून चौकटीवर दाबून बसवतं. ओहोटी लागली की आतलं साचलेलं पाणी त्यांना बाहेर लोटतं आणि शेतातला निचरा होतो. ना मोटर, ना रखवालदार. भरतीचा जोर जितका जास्त तितकं दार घट्ट. ज्यानं हे पहिल्यांदा सुचवलं असेल त्याचं नाव कुठे नाही, पण गोव्यातली 17 ते 18 हजार हेक्टर खाजन जमीन अशाच बांधांवर आणि अशाच दारांवर उभी राहिली.

हे सगळं मला शेजारच्या भाऊंनी समजावलं. सगळा गाव त्यांना भाऊच म्हणतो. खाजनात त्यांचं कुळाचं शेत आहे आणि अजून ते हट्टानं कोरगूट लावतात, थोडा खारेपणा सोसणारं जुनं भात. मी एकदा बोलता बोलता खाडीला नावं ठेवली, हे पाणी म्हणजे संकटच की हो. भाऊ थांबले. म्हणाले, “दर्या वायट न्हय. ताणें थंयच रावंक जाय.” समुद्र वाईट नाही, त्यानं त्याच्या जागी राहायला हवं.

आता भाऊंनी काही यिर्मया वाचलेला नाही. गणपतीला अकरा दिवस पाहुण्यांची ऊठबस करणारं त्यांचं घर. पण बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, पाचव्या अध्यायात देव हेच बोलतो: समुद्राला मी वाळूची मर्यादा घालून दिली, लाटा कितीही गरजल्या तरी त्यांना ती ओलांडता येत नाही. आपल्या भाषेत मर्यादा म्हणजे सीमा आणि मर्यादा म्हणजे वागण्यातली अदबही. एकाच शब्दात कुंपणही आलं आणि संस्कारही.

लहानपणी मात्र मला ही मर्यादा मुळीच आवडायची नाही. आमच्या घरात दहा आज्ञांची तसबीर होती, बरोबर जेवणाच्या जागेसमोर. वडील शाळामास्तर, त्यामुळे तसबीर सरळ आहे ना हे रोज बघायचे. मी एकदा बोटं मोजून हिशेब केला: दहांपैकी आठ आज्ञा ‘नको’च्या आहेत. शब्बाथ म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस पाळ आणि आईबापांचा मान राख, एवढ्या दोनच ‘कर’च्या, आणि त्यातली दुसरी तर आईबापांच्याच सोयीची. हा शोध मी वडिलांना सांगितला. ते हसले नाहीत. मला घेऊन धाब्यावर गेले.

आमचं घर मातीच्या धाब्याचं होतं. उन्हाळ्यात सगळे वर झोपायचे. धाब्याला वडिलांनी गुडघाभर कठडा बांधून घेतला होता आणि गल्लीत तेवढ्या एकाच घराला तो होता. “हा कुणासाठी बांधला?” त्यांनी विचारलं. माझ्यासाठी, मी म्हणालो. “तू इथलाच. अंधारातही तुला कड कळते. ज्याला कळत नाही त्याच्यासाठी.” मग त्यांनी बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली आज्ञा सांगितली. नवं घर बांधशील तर धाब्याला कठडा कर, नाहीतर कुणी वरून पडलं तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. सिनाय डोंगरावर मेघगर्जना करणारा देव गवंड्याच्या कामात इतकं लक्ष घालतो याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. अजूनही वाटतं.

देवाच्या आज्ञा पाळल्या की आपलं रक्षण होतं, असं आम्ही चर्चच्या मंडळीत सर्रास म्हणतो. माझी तक्रार त्यातल्या ‘आपलं’ या शब्दाबद्दल आहे. आम्ही तो शब्द विम्याच्या हप्त्यासारखा वापरतो. मी शब्बाथ पाळला, सबब माझी गाडी घसरणार नाही. मागच्या काचेवर देव सांभाळेल असं सांगणाऱ्या स्तोत्र 91 चं स्टिकर असलं की वळणावर ओव्हरटेक करायला हरकत नाही, असं समजणारे बंधू मी पाहिले आहेत. (हेच स्तोत्र सैतानानं येशूला मंदिराच्या शिखरावर उभं करून म्हणून दाखवलं होतं. टाक उडी, देवदूत झेलतील. येशूनं उडी टाकली नाही.) त्या दहांतल्या शेवटच्या आज्ञा मात्र वाचून पाहा. खून, व्यभिचार, चोरी, खोटी साक्ष, शेजाऱ्याच्या घराचा लोभ. या सगळ्यांत आधी कोण बचावतो? शेजारी बचावतो, तोही माझ्यापासून. आणि माझं रक्षण माझ्या आज्ञापालनानं जितकं होतं त्याहून अधिक शेजाऱ्याच्या आज्ञापालनानं होतं. मी रात्री निवांत झोपतो त्याचं बरंचसं श्रेय भाऊंना आहे.

खाजनात हे डोळ्यांनी दिसतं. मानशीवर मासे धरण्याचा हक्क लिलावानं दिला जातो. ओहोटीला पाणी बाहेर पडताना दाराशी जाळं लावायचं, ही रीत. पण एका वर्षी कुणाला तरी मोह झाला. भरतीलाच दारं वर अडकवून ठेवली, की आत पाणी जास्त आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी, जास्त. एक-दोन भरत्यांचाच प्रश्न होता. सुंगटांना भाव चांगला मिळाला असावा. खारं पाणी मात्र शेताच्या उंबऱ्याशी थांबलं नाही, ते भाऊंच्या भातात शिरलं, त्यांच्या पलीकडच्या विधवा बाईच्या भातात शिरलं. रोपं टोकाकडून तांबूस होत होत करपली. कोरगूटही किती सोसणार! भाऊ म्हणाले, आता मीठ धुवायला दोन-तीन पावसाळे लागतील. दार अडकवायला दोरीचा एक तुकडा पुरला होता.

त्या दिवशी मी भाऊंबरोबर खूप चिडलो आणि घरी आल्यावर गप्प बसलो. कारण दोरीचा तसा तुकडा माझ्याही नावावर आहे. जुन्या ऑफिसात एक सहकारी वारंवार रजेवर असायचा. एकदा चहाच्या वेळी कुणीतरी कारण विचारलं आणि मी ग्लास तोंडाशी नेण्याची खूण केली. बोललो काहीच नाही, त्यामुळे खोटी साक्ष दिली असंही मला वाटलं नाही. सगळे हसले. त्याची बायको डायलिसिसवर होती हे दोन महिन्यांनी कळलं. तोवर ती खूण साहेबांच्या केबिनपर्यंत पोचली होती. मी माफी मागितली. तो “ठीक आहे” म्हणाला, मनापासून म्हणाला असावा. पण माझी बदली होईपर्यंत तो आमच्या टेबलावर चहाला आला नाही.

गावकारीचे, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीचा कारभार पाहणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थेचे, रीतिरिवाज पोर्तुगिजांनी 1526 मध्ये लिहून काढले. रीती त्याआधीच्याच होत्या आणि मीठ रीतींच्याही आधीचं. खाऱ्या पाण्यानं भात करपतं हे कुणी सभा घेऊन ठरवलेलं नाही. दहा आज्ञांच्या दगडी पाट्यांचंही मला तसंच वाटू लागलं आहे. देवानं तिथे नवी शिक्षा जाहीर केली नव्हती, मीठ काय करतं ते लेकरांना आधीच सांगून ठेवलं होतं.

आणि तरीही बांध फुटतात. ज्यांनी वर्षभर राखण केली त्यांचेही फुटतात. येशूच्या दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, एक जण खडकावर घर बांधतो, दुसरा वाळूवर; पण पाऊस दोन्ही घरांवर पडतो, पूर दोन्ही घरांना येतो, हे मी कितीतरी वर्षं नीट वाचलंच नव्हतं. नीतिमान असूनही सगळं गमावलेल्या ईयोबाचं काय झालं ते आपण जाणतो, आणि ज्यानं एकही आज्ञा मोडली नाही त्याला वधस्तंभ मिळाला. तेव्हा विम्याची पावती म्हणून कुणी माझ्याकडे मागू नये, माझ्याकडे ती नाही.

गेल्या श्रावणातली पौर्णिमा. वर पाऊस आणि खाली उधाणाची भरती. रात्री साडेदहाला भाऊंनी हाक मारली. मानशीजवळ कुर्ल्यांनी बांध पोखरला होता, मनगटाएवढं भोक आणि त्यातून शेताकडे पाझर. भाऊ गुडघ्यावर बसून चिखल आणि पेंढा कोंबत होते. मी माझ्या परीनं मोठा दगड शोधून आणला. “दगूड नाका,” ते म्हणाले, “चिखल हाड.” दगड नको, चिखल आण. मी चपला काढल्या आणि खाली उतरलो. पलीकडे दारं पाण्याच्या दाबानं चौकटीवर करकरत होती.

“भाऊ, हे शेत कुणाचं?” मी विचारलं. ते त्यांचं नव्हतं, एवढं मला माहीत होतं.

“बॅटरी सारकी धर,” भाऊ म्हणाले.