किडनी दिनानंतरचा रविवार

फेब्रुवारी संपत आला की आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला, "यंदा हॉल कुठला?" आणि त्याच्या खाली लगेच दुसरा, "आधी शिगमो कधी ते बघा गो." जागतिक किडनी दिन 2006 पासून मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी असतो आणि आमचं वार्षिक संमेलन त्यानंतरच्या रविवारी, म्हणजे नेमकं शिगम्याच्या, आमच्या गोव्यातल्या होळीच्या सणाच्या, तोंडावर, मग फोंड्यात हॉल मिळाला तर चित्ररथांमुळे रस्ता बंद आणि मडगावात मिळाला तर कुणाच्या घरची अर्धी माणसं रोमटामेळाच्या मिरवणुकीत, गाडी कोण चालवणार हा प्रश्न. तरी इतक्या वर्षांत हा रविवार आम्ही फक्त एकदाच चुकवला, त्याचं पुढे सांगते.

आम्ही म्हणजे गोव्यातल्या किडनीच्या डायटिशियन. मुळात संख्येने थोड्या, आणि प्रत्येक जण आपापल्या हॉस्पिटलात एकटीच. डायलिसिसच्या पेशंटचं पोटॅशियम का वाढलं, त्याने नक्की काय खाल्लं, हे विचारायला शेजारच्या टेबलावर कुणी नसतं. म्हणून ताईंनी पहिल्या वर्षी आम्हा नऊ जणींना आपल्या घरच्या सोप्यावर बोलावलं. त्याच आमच्या पहिल्या अध्यक्ष. निवडणूक वगैरे काही नाही, त्यांनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आणला, त्यात पावतीबुक, कोरी वही आणि मापाच्या चमच्यांचा एक संच ठेवला आणि म्हणाल्या, "हो डबा दोन वर्षं माझ्याकडे, मागीर दुसरीकडे." आजपर्यंत तोच नियम चालू आहे. डबा जिच्याकडे ती त्या दोन वर्षांची कामाची माणूस, पैसे कुणाला नाहीत, फोनचा खर्चसुद्धा आपला आपणच.

मला सगळ्यात जास्त आठवतो तो पेल्यांचा कार्यक्रम. ताईंनी निरोप पाठवलेला की येताना घरी रोज ज्यातून पाणी पितात ते भांडं घेऊन या. कुणी स्टीलचा पेला आणला, कुणी तांब्या, कुणी लग्नात मिळालेला काचेचा मोठा ग्लास, आणि मी आईचा काठ वाकलेला पितळी पेला नेलेला. भरायच्या आधी प्रत्येकीने किती मिली ते वहीत लिहायचं. मी 150 लिहिलं आणि मोजपात्रात ओतलं तर पाणी 260 च्या रेघेपर्यंत चढलं. त्या रेघेकडे मी बघतच राहिले, कारण त्याच आठवड्यात एका पेशंटवर मी आवाज चढवला होता. त्यांना दिवसाला जास्तीत जास्त एक लिटर पाणी सांगितलेलं आणि ते परत परत म्हणत होते, "चारच पेले पितां गो बाय," आणि मला वाटत होतं खोटं बोलतायत. त्यांचा पेला माझ्या आईच्या पेल्यासारखाच असेल तर चार पेल्यांतच लिटर संपला की, आणि वर दोन कप चहा, जेवणातली कढी, सकाळची पेज. पेज पाण्यात धरायची हे तेव्हा आमच्यातल्यासुद्धा सगळ्याच जणी पेशंटला सांगत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांची माफी मागितली आणि तेव्हापासून पेशंटला "घरचा पेला घेऊन या" असंच सांगते.

दुपारचं जेवण आम्ही स्वतः करतो, केटररला देत नाही, त्यालाही कारण आहे. डबा पहिल्यांदा माझ्याकडे आला त्या वर्षी मला वाटलं सगळं एकटीनेच नीट करून दाखवायचं, हॉल, बॅनर, पाहुणे, जेवण, कुणालाच काही विचारलं नाही. केटररला मीठ कमी एवढंच सांगितलं आणि त्याने हौसेने प्रत्येक ताटात मिसकूट म्हणजे कैरीचं लोणचं, पापड आणि सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर वाढली, सगळं खारट. समोर डायलिसिसचे अकरा पेशंट पाहुणे म्हणून बसलेले. वर काणकोणहून येणाऱ्यांची गाडी ठरवायची मी विसरलेच होते, ते सगळे बस बदलत बदलत दीड वाजता पोचले. ताई तेव्हा काही बोलल्या नाहीत, पदर खोचून ताटांमधली लोणची उचलायला लागल्या. दोन दिवसांनी घरी आल्या, वहीचं पान उघडून कामं एकाखाली एक लिहिली आणि प्रत्येक कामापुढे एकेकीचं नाव घातलं, माझं नाव शेवटी फक्त एकदा, "सगळ्यांना फोन करणे". ते पान अजून डब्यात आहे.

आता खतखतं घरच्यासारखं आम्हीच करतो. कंद, सुरण, रताळं सगळं बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायचं, ते पाणी फेकायचं, मग परत नव्या पाण्यात शिजवायचं, म्हणजे पोटॅशियम बरंच उतरतं. नारळ बेताचा, मीठ मापाच्या चमच्याने, आणि तिरफळं मात्र हात आखडता न घेता, कारण त्या वासावर कमी मिठाचं जेवण चालून जातं. एक सपाट छोटा चमचा मीठ म्हणजे साधारण 5 ग्रॅम, त्यात जवळजवळ 2000 मिलिग्रॅम सोडियम, दिवसभराचा कोटा तिथेच संपतो, म्हणून स्वयंपाकघरात संचातला पाव चमचा सगळ्यात महत्त्वाचा. आणि कुणी दुकानातलं लो सोडियम मीठ आणलं तर ते दारातूनच परत, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आमच्या पेशंटला ते जिवावर बेतू शकतं. करमलांचंही, म्हणजे स्टार फ्रूटचंही, तसंच, किडनी काम करत नसेल तर करमल खाऊन न थांबणारी उचकी लागते, झटके येतात, परसात झाड असलेल्या घरांना आम्ही हे दरवर्षी परत सांगतो.

एका वर्षी अशाच जेवणात एक बाई भाजलेल्या बांगड्याकडे बघत नुसती बसून होती. डायलिसिस सुरू झाल्यापासून घरच्यांनी तिची मासळी बंद केलेली, दीड वर्ष. डायलिसिसच्या आधी प्रोटीन बेताने द्यायचं असतं, पण डायलिसिस सुरू झालं की उलट जास्त लागतं, वजनाच्या दर किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम. म्हणजे साठ किलोच्या माणसाला दिवसाला 60 ते 72. खारवलेली, सुकी मासळी नको, पण ताजा बांगडा हवाच. हे तिच्या नवऱ्याला समजावून सांगितलं तेव्हा त्याने स्वतःच्या ताटातला बांगडा उचलून तिच्या ताटात ठेवला. दोघंही काही बोलले नाहीत. मला आजही ते ताट दिसतं.

चुकलेला रविवार म्हणजे 15 मार्च 2020. पुढे लॉकडाऊन लागला आणि गोव्यात सुरुवातीचे काही दिवस वाण्याची दुकानंसुद्धा बंद, लोकांच्या घरात होतं काय तर डाळ, बटाटे आणि पावसाळ्यासाठी साठवायला घेतलेली सुकी मासळी, म्हणजे आमच्या पेशंटना नको ते सगळं. तेव्हा डबा ज्या मैत्रिणीकडे होता तिने वहीतले पेशंटचे नंबर आमच्यात वाटून दिले आणि रोज संध्याकाळी प्रत्येकीने आपापल्या यादीला फोन करायचा. बटाटा कसा उकळून पाणी टाकायचं, सुकं किती वेळ भिजवायचं, तहान लागली तर पाण्याऐवजी लिंबाची फोड कशी चघळायची. त्या वर्षी संमेलन झालं नाही, पण मला विचाराल तर मंडळ म्हणून आम्ही खऱ्या अर्थाने तेव्हाच उभ्या राहिलो. 2021 ला मोबाईलच्या स्क्रीनवर भेटलो, आणि अमेरिकेतली नॅशनल किडनी फाउंडेशन आणि तिथल्या डायटिशियनच्या अकॅडमीने 2020 मध्ये मिळून काढलेली नवी गाइडलाइन एकेकीने एकेक भाग वाचून सांगितली, मध्येच कुणाचं नेट जायचं, मग दुसरी तिथून पुढे वाचायची.

यंदा डबा परत माझ्याकडून निघाला. सत्तरी तालुक्यातून येणारी आमची सगळ्यात लहान पोर, नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं, तिने आपणहून हात वर केला. जेवणानंतर ती भिंतीपाशी बसून एकेक वस्तू मोजून घेत होती, पावतीबुक, पासबुक, वही, आणि चमचे मोजताना थांबली, म्हणाली, "मॅडम, पाव चमचा नाही यात." मी घाबरले, सगळी पिशवी उलटी केली. ताई आता काठी घेऊन येतात, कमी ऐकू येतं, पण हे बरोबर ऐकलं. खुर्चीतूनच म्हणाल्या, "म्हजेकडे आसा गो तो. घरच्या मिठाच्या बरणीत."