पायाने चालणारा नळ

गाडीरस्ता संपला आणि पुढची चढण पायी सुरू झाली. आम्ही सगळे विशीच्या आसपासचे. पाठीवर ५ लिटरचे रिकामे कॅन, दोरी, खिळे आणि साबणाच्या वड्या. वाटेत पाणी घेऊन वर निघालेल्या बायका आणि मुली भेटत होत्या. २० लिटर पाणी म्हणजे २० किलो ओझं, आणि झरा खाली, घरं वर. रिकामे कॅन घेऊनही आम्हाला धाप लागत होती.

वस्तीत पोचल्यावर एक गोष्ट लगेच लक्षात आली. हात धुवायला हवेत हे इथे कुणाला शिकवायची गरज नव्हती. साबणाने हात धुतले तर जुलाबाचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटतं, हे सांगून काय होणार? अडचण पाण्याच्या हिशेबाची होती. मग्ग्याने हात धुवायचे तर अर्धा लिटर सहज जातं, शिवाय मळक्या हातानेच तो मग्गा धरावा लागतो.

म्हणून टिपी टॅप, म्हणजे पायाने चालणारा साधा नळ. दोन खांब, त्यांवर आडवी काठी, काठीत कॅनची मूठ अडकवलेली. तापवलेल्या खिळ्याने कॅनला वरच्या अंगाला एक भोक. कॅनच्या गळ्याला बांधलेली दोरी खाली जमिनीलगतच्या काठीला जोडायची. त्या काठीवर पाय दाबला की कॅन झुकतो, बारीक धार पडते. पाय काढला की धार बंद. हात कशालाच लागत नाही. झिंबाब्वेतून पसरलेली ही युक्ती मला आजही फार सुंदर वाटते. खाली खडी मात्र टाकायलाच हवी, नाहीतर चिखल होतो.

पहिला नळ उभा राहिला. मुलांनी गर्दी केली. तेवढ्यात एका आजींनी विचारलं, "बाळांनो, हा भरणार कोण?"

सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच होता, असं मला ठामपणे वाटतं. दिवसभर पाणी वाहणाऱ्या मुलींवरच आणखी एक खेप येणार असेल, तर त्या नळाचा त्यांना काय उपयोग? मग काठ्या बाजूला ठेवून सगळे बसलो. बराच वेळ बोलणं झालं. हात धुवायला पिण्याइतकं शुद्ध पाणी लागत नाही, सोबत साबण असला की चालतं. तेव्हा पावसाळ्यात छपरावरून पडणारं पाणी पिंपात धरायचं ठरलं. एरवी शौचालयाजवळचा कॅन घरातल्या मुलग्यांनी भरायचा. एक-दोघांनी तोंड वाकडं केलं, पण त्यांच्या आया हसल्या आणि विषय तिथेच मिटला.

दुसऱ्या दिवशी आम्ही फक्त दोरी कापून दिली. खड्डे खणणं, भोक पाडणं, साबण टांगणं सगळं तिथल्याच पोरांनी केलं. सगळ्यात आधी झिजते ती पायाची दोरी. म्हणून उरलेलं बंडल आजींकडे दिलं आणि गाठ कशी मारायची ते त्यांनी आम्हाला दोनदा करून दाखवायला लावलं.