दुसरा रकाना

गीतरत्नातल्या सुगंधी वनस्पती कशाचं प्रतीक, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या वाचनवर्गात बायबलातलं 'गीतरत्न', म्हणजे प्रियकर-प्रेयसीच्या तोंडची प्रेमकविता, निघालं की कुणीतरी वहीत दोन रकाने आखूनच येतं. डावीकडे वनस्पती, उजवीकडे 'कशाचं प्रतीक'. "ताई, गंधरस म्हणजे काय लिहू?"

मी पर्समधून पुडी काढते. गंधरस म्हणजे आपला हिराबोळ, बाळंतिणीला देतात तोच. काष्ठौषधीच्या दुकानात तांबूस, धुळकट खडे मिळतात. झाडाच्या सालीला चीर दिली की जो चीक पाझरतो, तो वाळून हे खडे होतात. तळहातावर चोळला की आधी काहीच जाणवत नाही, मग हळूहळू ऊब असलेला वास येतो. कुणी धीट जिभेला लावतं आणि तोंड वाकडं करतं. हिब्रूत त्याला 'मोर' म्हणतात. 'कडू' या अर्थाच्या 'मर'शी त्या शब्दाचं नातं आहे. गीतरत्नातली ती म्हणते, माझा प्रियकर म्हणजे रात्रभर माझ्या उराशी असलेली बोळाची पुरचुंडी. गोड वासाची आणि कडू चवीची वस्तू तिनं उराशी घेतलीय. आता रकान्यात काय लिहाल?

आणि हाच बोळ बायबलातल्याच 'निर्गम' या पुस्तकाच्या ३०व्या अध्यायात देवाच्या मंडपाच्या अभिषेकाच्या तेलात पडतो, दालचिनीबरोबर. ते तेल घरी कुणी करायचं नाही, अशी सक्त ताकीद. 'नीतिसूत्रे' या पुस्तकाच्या ७व्या अध्यायात नवरा गावाला गेलेली बाई परक्या तरुणाला म्हणते, मी बिछान्यावर बोळ, अगरू, दालचिनी शिंपडलीय. देवाचा मंडप, प्रेयसीचा ऊर, चोरटी शेज, तिन्हीकडे एकच वास. प्रतीक ठरवायला बसलेल्यांची इथे पंचाईत होते, आणि मला ती आवडते.

मेंदीचं नाव आलं की आपल्याला पाला आणि रंगलेले हात आठवतात. कवितेत मात्र मेंदीचा फुलोरा आहे: एन-गेदीच्या द्राक्षमळ्यांतला मेंदीचा झुबका. एन-गेदी म्हणजे मृत समुद्राच्या काठचं हिरवळीचं ठिकाण. भोवती उघडेबोडके डोंगर, खारं पाणी, आणि मध्येच झरा. ज्यांच्या कुंपणाला मेंदी आहे त्यांनी न छाटता ठेवून बघावी. फुलं बारीक, पांढुरकी, दिसायला अगदी सामान्य. संध्याकाळी मात्र वास फाटकाबाहेर येतो.

गीतरत्नाच्या चौथ्या अध्यायात प्रियकर तिला 'बंद बाग' म्हणतो आणि त्या बागेत काय काय आहे ते सांगतो: डाळिंब, मेंदी, जटामांसी, केशर, दालचिनी, ऊद, बोळ, अगरू. जटामांसी हिमालयाच्या उंचावरची. ऊद आणि बोळ अरबस्तानच्या दक्षिणेकडचे. एवढं सगळं एका मातीत उगवूच शकत नाही. तिचं वर्णन करायला त्यानं सगळा व्यापारमार्ग एका कुंपणात आणून लावलाय. (हिब्रूत जटामांसीला 'नेर्द' म्हणतात, संस्कृतात 'नलद'. मालाबरोबर नावही गेलं.) मग वाऱ्यांना हाक येते: उत्तरेच्या वाऱ्या, ऊठ, दक्षिणेच्या वाऱ्या, ये, माझ्या बागेवरून वाहा. बाग बंद आहे, पण वासाला कुलूप लागत नाही.

माझ्या मते सगळं त्या पाचव्या अध्यायातल्या दारात आहे. रात्री तो दार ठोठावतो. ती म्हणते, मी वस्त्र उतरवलंय, पाय धुतलेत, आता कशी उठू? मग उठतेच. कडीला हात लावते आणि बोटांवरून बोळ ओघळतो. दार उघडते, तर तो निघून गेलेला.

तो बोळ तिच्या हातांचा, की कडीला त्यानं लावून ठेवलेला, यावर भाष्यकारांचं एकमत नाही. वर्गातही होत नाही. मागच्या खेपेला एक आजी म्हणाल्या, "कुणाचा का असेना, आता कडीला वास लागला."

त्यांच्या वहीत दुसरा रकानाच नव्हता.